मनिऑर्डर नसलेली मुंबई

'व्हिक्टोरिया ३' हा स्वीडनच्या पॅराडॉक्स कंपनीचा संगणकखेळ ऑक्टोबर २०२२ मध्ये आला. १८३६ ते १९३६ या शंभर वर्षांत एखादा देश चालवून दाखवायचा, असा त्याचा पट. एकेक डाव आठवडेच्या आठवडे पुरतो. मी त्यात मुंबई अनेकदा वाढवून पाहिली. खेळ म्हणून तो उत्तमच. पण त्याला इतिहासाविषयी काही म्हणायचेही आहे, आणि ते तपासायला हवे.

म्हणणे असे की गिरणी बांधा, शहर वाढेल. प्रत्येक कारखान्यापोटी नागरीकरणाचे गुण जमतात, शंभर झाले की 'नागरी केंद्र' एक पायरी वर चढते. मँचेस्टरला हे चालेल. मुंबईत क्रम वेगळा होता. कावसजी नानाभाई दावर यांची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली खरी, पण १८६४ च्या शिरगणतीत ८,१६,५६२ माणसे भरली ती मुख्यतः कापसाच्या व्यापारामुळे. अमेरिकेत यादवी पेटली होती आणि लँकेशायरला आपला कापूस हवा होता. यादवी संपली, १८६५ मध्ये शेअरचा फुगा फुटला, आणि १८७२ ला आकडा ६,४४,४०५ वर आला. माझ्या एकाही डावात मुंबई अशी ओसरली नाही.

त्याहून मोठी गफलत घराच्या हिशेबात आहे. खेळात माणसांची मोजदाद प्रांतवार होते; कमावता जिथे, त्याची बायकामुलेही तिथेच, त्याची मजुरीही तिथल्याच बाजारात खर्च. गिरणगाव असे नव्हते. कमावता लालबाग-परळच्या गाळ्यात पाळीपाळीने झोपायचा, खाणावळीत जेवायचा, आणि त्याचे घर रत्नागिरीत किंवा साताऱ्यात असायचे. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईत हजार पुरुषांमागे जेमतेम सव्वापाचशे स्त्रिया होत्या. १८८० पासून टपालखात्याची मनिऑर्डर ही दोन टोके जोडत होती.

एवढा तपशील खेळात कशाला, असे कुणी म्हणेल. मला तो तपशील वाटत नाही. १८९६ साली प्लेग आला, मजूर गावी पळाले, आणि गिरण्या माणसांवाचून अडल्या. एरवी महिन्याचा पगारही अडकवून ठेवणारे मालक १८९७ मध्ये रोजच्या रोज मजुरी मोजायला तयार झाले. ही ताकद मजुराला कुठून आली? मागे गाव होते म्हणून. खेळातल्या मजुराजवळ असंतोष असतो, पक्ष असतो, क्रांतीही असते. परत जायला घर तेवढे नसते.

आम्हा वसईकरांची अडचण आणखी निराळी. १८६४ पासून आगगाडी आमच्याकडून ग्रँट रोडला जाऊ लागली, आणि इथली भाजी, केळी, फुले, नागवेलीची पाने मुंबईच्या बाजारात पोचू लागली. खेळात शेती एक तर पोटापुरती, नाही तर मोठ्या मळ्याची. मळा वाढला की पोटापुरती तेवढी आटते. गासची वाडी यातल्या कुठल्या खान्यात घालायची? जमीन गुंठ्यांत मोजायची, बावखलाचे पाणी, घरचीच राबणारी माणसे, आणि तरीही सगळा माल विकायचा. बाई पाटी डोक्यावर घेऊन पहाटेची गाडी पकडायची, दुपारी रोकड घेऊन परतायची. मुंबईच्या वाढीत तिचा वाटा होता, आणि त्यासाठी तिला वाडी सोडावी लागली नव्हती.