एक कळ, अनेक अर्थ

भौतिकशास्त्रात ‘व्ही’ हे अक्षर कधी आकारमान दाखवते, तर कधी विभवांतर. विद्यार्थी गोंधळत नाही, कारण कोणता पाठ चालू आहे हे त्याला ठाऊक असते. संगणकावर मजकूर व प्रोग्रॅम लिहिण्याच्या ‘ईमॅक्स’ या साधनाची कळरचना याच भरवशावर उभी आहे. हा भरवसा कितपत रास्त आहे?

ईमॅक्सचा उगम १९७६ साली अमेरिकेतील एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झाला. त्यात प्रत्येक संगणकभाषेसाठी एक मुख्य मोड असतो; जोडीला पूरक मोड लावता येतात. कळ दाबली की तिचा अर्थ आधी पूरक मोडमध्ये, मग मुख्य मोडमध्ये आणि शेवटी सर्वसाधारण यादीत शोधला जातो. जो आधी सापडेल तो लागू.

परिणाम पाहा. कंट्रोल धरून दोनदा ‘सी’ दाबले, तर सी भाषेच्या मोडमध्ये निवडलेल्या ओळी टिप्पणी बनतात, म्हणजे संगणक त्या वगळतो. पायथॉनच्या मोडमध्ये त्याच कळा सगळा प्रोग्रॅम चालवायला धाडतात. पत्राच्या मोडमध्ये तर पत्रच रवाना होते! हाताला लागलेली सवय इथे शत्रू ठरते.

रचनाकारांनी नियम केले नाहीत असे नाही. कंट्रोल-सीनंतरचे साधे अक्षर वापरणाऱ्यासाठी राखीव आहे; कंट्रोलसह येणारे अक्षर मुख्य मोडसाठी. कुंपण शहाणपणाचे आहे, पण ते जागा वाटून देते, अर्थ ठरवत नाही. म्हणून दोन मोडचे कर्ते नियम पाळूनही परस्परविरुद्ध अर्थ देऊ शकतात.

मग मोडच नकोत का? संगणकतज्ज्ञ लॅरी टेसलर यांचा मोडना आयुष्यभर विरोध होता. मात्र भाषांच्या गरजा वेगळ्या असताना ते टोक गाठणे अवघड आहे. खरा धडा ईमॅक्समध्येच आहे. मेटा (बहुतेक कळफलकांवर ऑल्ट) आणि अर्धविराम या कळा कोणत्याही भाषेच्या मोडमध्ये टिप्पणीचेच काम करतात. टिप्पणीचे चिन्ह तेवढे भाषेनुसार बदलते. काम एक तर कळ एक, हे तत्त्व सर्वत्र पाळले असते तर निम्मा गोंधळ टळला असता.

तोवर शिक्षकांनी विद्यार्थ्यांना कळा पाठ करायला लावू नयेत. कंट्रोल-एच आणि मग ‘एम’ दाबले की चालू मोडची माहिती व त्याच्या कळा समोर येतात. आधी पाठ कोणता ते पाहावे, मग अक्षराचा अर्थ लावावा.