इंग्रजी नामांचे मराठीतील लिंग : एका प्रचलित नियमाची चिकित्सा

प्रास्ताविक :
आधुनिक इंग्रजीत नामाला व्याकरणिक लिंग नाही. प्राचीन इंग्रजीत ते होते. सूर्यवाचक शब्द स्त्रीलिंगी, तर चंद्रवाचक शब्द पुल्लिंगी होता. पुढे ही व्यवस्था लोप पावली व लिंगभेद मुख्यतः सर्वनामांपुरता उरला. मराठीत मात्र क्रियापद व विकारी विशेषण यांचे रूप नामाच्या लिंगावर अवलंबून असते. म्हणून मराठीत आलेल्या इंग्रजी नामास लिंग स्वीकारावेच लागते.

प्रचलित नियम :
परभाषेतील शब्दाचे लिंग समानार्थी मराठी शब्दावरून ठरवावे, असे शालेय व्याकरणे सांगतात. 'क्लास' वर्गाप्रमाणे पुल्लिंगी, 'ट्रंक' पेटीप्रमाणे स्त्रीलिंगी. हा नियम उपयुक्त आहे. परंतु पुरेसा आहे काय?

विवेचन :
१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी आली. रेल्वेने रुजविलेले शब्द आज नौपाड्यातील रहिवाशाच्या नित्य बोलण्यात आहेत : 'लोकल चुकली', 'स्टेशन आले', 'प्लॅटफॉर्म बदलला'. 'लोकल' हे मुळात विशेषण. त्याचे स्त्रीलिंग अध्याहृत 'गाडी'कडून येते. येथे नियम टिकतो. 'प्लॅटफॉर्म' पुल्लिंगी, कारण 'फलाट' पुल्लिंगी, असे म्हणावे तर 'फलाट' हे 'प्लॅटफॉर्म'चेच मराठी वळणाचे रूप आहे. ज्याने आधार द्यावयाचा तोच उसना ठरतो.

काही ठिकाणी नियम सरळ मोडतो. ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ मध्ये स्थापन झाले. 'ग्रंथसंग्रहालय' व 'ग्रंथालय' नपुंसकलिंगी. तथापि वाचक 'लायब्ररी उघडली' असेच म्हणतो. 'कारखाना' पुल्लिंगी, 'फॅक्टरी' स्त्रीलिंगी. येथे अर्थापेक्षा अंत्य ईकार प्रभावी ठरतो. 'लेखणी' स्त्रीलिंगी असूनही 'पेन' नपुंसकलिंगी राहते. तेथे अर्थसाम्य चालत नाही आणि ईकारही नाही. रूढीच निर्णायक होते.

व्यक्तिवाचक नामांचा प्रश्न निराळा आहे. 'डॉक्टर' शब्द बदलत नाही. 'डॉक्टर आले' व 'डॉक्टर आल्या' यांतील भेद क्रियापद दाखविते. इंग्रजी वाक्य जे मोघम ठेवू शकते, ते मराठीत बहुधा स्पष्ट करावे लागते. व्यक्ती अज्ञात असता पुल्लिंगी रूप सर्रास योजिले जाते व स्त्री डॉक्टर वाक्यातून अदृश्य होते.

निष्कर्ष :
अर्थसाम्य, अंत्य ध्वनी व रूढी या तीन शक्तींच्या ओढाताणीतून लिंग निश्चित होते. केवळ पहिलीच शिकविली, तर नियम प्रामाणिकपणे पाळून 'लायब्ररी उघडले' लिहिणारा अमराठी विद्यार्थी चुकीचा ठरतो. दोष त्याचा नव्हे, अपुऱ्या नियमाचा आहे. पाठ्यपुस्तकांनी तिन्ही कसोट्या एकत्र मांडणे, व कोशांनी अशा शब्दांची लिंगे विकल्पांसह नोंदविणे, अगत्याचे आहे.