‘मोकळी जमीन’ : नियम ५८ ची पाठचिकित्सा

धरणगांव हें जुनें कापडाचें ठाणें. त्यासाठीं इंग्रजांनीं सतराव्या शतकांत येथें वखार घातली होती. अशा गांवीं पोथ्यांचे पाठ ताडण्यांत ज्यांचा काळ गेला, त्या आम्हीं मुंबईच्या गिरण्यांविषयींचा एक सरकारी नियम परीक्षणास घ्यावा, याचें वाचकांस नवल वाटेल. परंतु ज्या लेखांतील एक पद गळतांच एका वस्तीचे रहिवासी बदलूं लागले, तो आमच्या शास्त्राच्या कक्षेबाहेरचा नव्हे.

हा लेख म्हणजे मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलींतील नियम ५८. त्याच्या दोन वाचना आहेत, १९९१ ची व २००१ ची. पहिलीप्रमाणें, १० हेक्टरांहून मोठी गिरणी असल्यास जमिनीचा शेंकडा ३३ भाग महानगरपालिकेस मैदानें व बागा यांसाठीं, ३७ म्हाडास घरांसाठीं व ३० मालकास जावा. वांटणी कशाची? मोकळ्या जमिनीची, आणि पुनर्विकासांत जुन्या इमारती पाडल्यावर निघणाऱ्या जमिनीचीही. दुसऱ्या वाचनेंत हें दुसरें पद नाहीं. त्याच्या जागीं शिल्लक चटईक्षेत्राचा उल्लेख आला. पोथींत असे लोप लेखनिकाच्या डुलकीनें होतात. येथें कोणास डुलकी लागली नव्हती. (नव्या वाचनेंत कामगारांच्या घरांची तरतूद आहे, हेंही नमूद केलें पाहिजे.)

गिरणी हा मुळांतच छपराखालचा धंदा. सूतखातें, मागखातें, गुदामें हीं वजा केलीं म्हणजे मोकळें काय उरतें? अंगण. पहिल्या पाठानें आवाराचा वांटा होई, दुसऱ्यानें अंगणाचा.

वाद न्यायालयांत गेला. मुंबई उच्च न्यायालयानें २००५ मध्यें ‘मोकळी’ या शब्दांत पाडकामानंतर मोकळी होणारी जमीनही धरली. सर्वोच्च न्यायालयानें मार्च २००६ मध्यें तो अर्थ अमान्य करून दुरुस्ती कायम केली. निर्णय शिरसावंद्य; आमचा प्रश्न केवळ शब्दाचा आहे. पतंजलीनें महाभाष्यांत विणकराचेंच उदाहरण घेतलें आहे. या सुताचा शाटक वीण, असें कोणी सांगतो. शाटक असेल तर विणावयाचा कशाला, आणि विणावयाचा असेल तर तो शाटक कसा? उत्तर असें कीं, ही भाविनी संज्ञा; पुढें होणाऱ्या वस्तूस आजच नांव दिलें आहे. उच्च न्यायालयाचा अर्थ या न्यायास धरून होता. मात्र जुन्या वाचनेंत जें पद स्पष्ट होतें तें नव्या वाचनेंत गाळलें असतां, व्याख्येनें तें परत आणणें कठीण, हें कोणत्याही टीकाकारास मान्य करावें लागेल. म्हणून दोष आम्ही व्याख्येकडे न देतां पाठ बदलणाऱ्याकडे देतों.

त्याचें फळ लालबाग-परळांत दिसतें. कोंकण व घाटावरून आलेल्या कामगारांची ती वस्ती. १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर तिची उपजीविका गेली. लोअर परळास फिनिक्स गिरणीच्या जागीं आज बाजारपेठ आहे. २०१२ मध्यें कामगारांसाठीं सोडत निघाली ती ६,९२५ घरांची. अर्जदार लाखाहून अधिक.

संग्राहकांस एक विनंति. चालू गिरण्यांचे जुने आंखणी-नकाशे, ज्यांत छपराखालची जागा व अंगण निरनिराळ्या रंगांनीं दाखविलें असेल, ते रद्दींत जाऊं देऊं नयेत. दोन पाठांमध्यें किती जमीन गळाली, तें त्यांवरूनच मोजतां येईल.