राखलेली भिंत, गमावलेली वास्तू : बँक ऑफ इंग्लंडच्या इमारतीचा पुनर्विचार

बँक ऑफ इंग्लंडची स्थापना १६९४ मध्ये झाली व १७३४ मध्ये ती लंडनमधील थ्रेडनीडल स्ट्रीटवर स्वतःच्या इमारतीत आली. १७८८ ते १८३३ अशी पंचेचाळीस वर्षे जॉन सोन यांनी या वास्तूची पुनर्रचना व विस्तार केला. १९२५ ते १९३९ या काळात हर्बर्ट बेकर यांनी तिचा बहुतेक अंतर्भाग पाडून नवी इमारत उभारली. नवी दिल्लीच्या सचिवालयाचे वास्तुविशारद म्हणून बेकर भारतीय अभ्यासकांना परिचित आहेत. निकोलस पेव्हझनर यांनी या पाडावास विसाव्या शतकात लंडनच्या ‘सिटी’ भागात घडलेला सर्वांत मोठा वास्तुगुन्हा ठरविले. हा निवाडा कठोर असला तरी अन्यायकारक नाही. मात्र सोन यांची बाह्य भिंत तेव्हा बव्हंशी राखण्यात आली, आणि या जतनाचा विचार त्यात पुरेसा होत नाही.

ही भिंत खिडक्यांविना आहे. १७८० च्या गॉर्डन दंगलीत जमावाने बँकेवर चाल केली होती. त्यानंतर शेजारचे सेंट ख्रिस्तोफर चर्चही हल्लेखोरांच्या उपयोगी पडेल या भीतीने पाडण्यात आले. भिंतीला खिडकी नाही, तर आत उजेड कोठून यावा? सोन यांच्या प्रतिभेचा कस येथेच लागला. १७९२ च्या सुमारास उभारलेल्या बँक स्टॉक ऑफिसमध्ये त्यांनी छतावरील काचेच्या झरोक्यांतून प्रकाश खाली आणला. व्यवहाराच्या रुक्ष दालनांना त्यामुळे गांभीर्य लाभले. भिंत आणि झरोका या एकाच कल्पनेच्या दोन बाजू होत्या.

बेकर यांनी भिंतीच्या आत सात मजले चढविले. या मजल्यांच्या खिडक्या भिंतीवरून सरळ बाहेर पाहतात. साहजिकच भिंतीचे प्रयोजन संपते व ती केवळ जोत्यासारखी उरते. भिंतीलगत त्यांनी जुन्या धर्तीची काही दालने नव्याने बांधली, हे मान्य करावयास हवे. परंतु इमारतीचा मुख्य भार आता त्यांच्यावर नव्हता.

सगळा दोष बेकर यांच्या माथी मारणेही योग्य नव्हे. पहिल्या महायुद्धानंतर सरकारी कर्जाचे काम व कर्मचारीवर्ग अतोनात वाढला होता, आणि जागा सोडण्यास बँक तयार नव्हती. बुटक्या दालनांच्या जागी मजले हवेत, हा आग्रह मालकाचा होता. भिंत राखल्यामुळे हा आग्रह रस्त्यावरून जाणाऱ्याच्या नजरेस खुपला नाही, एवढेच.

१९८८ मध्ये बँकेच्या संग्रहालयासाठी स्टॉक ऑफिसची प्रतिकृती त्याच आवारात उभारण्यात आली. सोन यांचे मूळ आराखडे त्यांच्या घरातील संग्रहालयात सुरक्षित राहिले होते. त्यांच्या आधारेच पाडलेले दालन पुन्हा बांधता आले.