कै. गणपतराव देशमुख यांच्या चरित्राचीं साधनें : एक छाननी

सांगोल्याचे कै. गणपतराव देशमुख ३० जुलै २०२१ रोजीं निवर्तले. त्यानंतर त्यांच्याविषयीं झालेल्या लेखनापैकीं बरेंचसें आम्हीं वाचलें. त्यांत भक्ति विपुल आहे, तारखा मात्र थोड्या. एकाच मतदारसंघांतून अकरा वेळां निवडून आलेला, शेतकरी कामगार पक्ष अखेरपर्यंत न सोडलेला, एस. टी. नें प्रवास करणारा आमदार, एवढ्यावर बहुतेक लेखकांचें समाधान झालेलें दिसतें. हें सारें खोटें आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु स्तुतीचें साधन निराळें व इतिहासाचें निराळें, हा विवेक या लेखनांत सुटला आहे.

प्रथम आंकड्याचाच विचार करूं. गणपतराव १९६२ व १९६७ सालीं निवडून आले; १९७२ सालीं पराभूत झाले; १९७४ च्या पोटनिवडणुकींत परत आले; १९७८, १९८०, १९८५ व १९९० या निवडणुका जिंकून १९९५ सालीं पुन्हां हरले; आणि १९९९, २००४, २००९ व २०१४ या चारहि वेळां विजयी झाले. २०१९ सालीं ते उभे राहिले नाहींत. बेरीज अकराच होते. पण त्यांची आमदारकी कोणी ५४ वर्षांची सांगतो, कोणी ५५. १९६२ ते २०१९ हीं ५७ वर्षें. त्यांतून पहिल्या पराभवानंतरचीं सुमारें दोन व दुसऱ्यानंतरचीं चार वजा केलीं म्हणजे ५१ च्या आसपास उरतात. ही वजाबाकी शाळकरी मुलासहि येईल. ती कोणी केली नाहीं, कारण पराभव हिशेबांत धरण्याची कोणाची इच्छा नव्हती.

हा सर्व देशांतील विक्रम होय, असेंहि लिहिलें जातें. तें टिकत नाहीं. तामिळनाडूचे एम. करुणानिधि १९५७ पासून २०१६ पर्यंत १३ वेळां निवडून आले, पण मतदारसंघ बदलून. केरळांत मात्र ओमन चंडी पुतुप्पळ्ळींतून १२ वेळां, आणि के. एम. माणी पाला येथूनच १३ वेळां विजयी झाले. माणींच्या तेरांतहि १९६५ ची एक निवडणूक अशी कीं, ती विधानसभा कधीं भरलीच नाहीं. तात्पर्य, आंकडे कोठलेहि असोत, ते उघडून पाहावे लागतात. आम्हीं स्वतः हा ‘विक्रम’ एकदां न तपासतां लिहून गेलों आहों, हें येथें कबूल करणें प्राप्त आहे.

आमच्या मतें गणपतरावांच्या चरित्राची किल्ली त्या अकरा विजयांत नसून दोन पराभवांत आहे. १९९५ सालीं शहाजीबापू पाटील यांनीं त्यांस अवघ्या १९२ मतांनीं हरविलें. २०१९ सालीं त्याच पाटलांनीं गणपतरावांच्या नातवास ७६८ मतांनीं हरविलें, आणि २०२४ सालीं दुसऱ्या नातवानें ती जागा परत मिळविली. यावरून सांगोला हें कोणाचें वतन नव्हतें. तालुक्यांत दुसरा पक्ष सदैव तुल्यबळ उभा होता. मग जो मनुष्य तेथें वारंवार निवडून आला, त्यानें तें बळ कसें जमविलें? त्याच्या पक्षाचे १९६२ सालीं विधानसभेंत १५ सभासद होते, २०१४ सालीं तीन. पक्ष ओसरत असतां सांगोला कां ओसरला नाहीं, हा खरा प्रश्न, आणि त्यास साधेपणाच्या आख्यायिका उत्तर देऊं शकत नाहींत. साधे आमदार अन्यत्रहि होते व ते पडलेहि.

उत्तराचा कांहीं भाग सहकारांत सांपडेल. कापसासाठीं मुळींच प्रसिद्ध नसलेल्या या अवर्षणग्रस्त तालुक्यांत त्यांनीं सूतगिरणी उभी केली. ती कोणत्या भांडवलावर उभी राहिली, तिच्या सभासदांत कोणत्या गांवांचे व किती शेतकरी होते, हें तिच्या वार्षिक अहवालांवरून ठरवितां येण्याजोगें आहे. दुसरा भाग पाण्यांत आहे. कृष्णेचें पाणी दुष्काळी तालुक्यांस मिळावें म्हणून नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासह आटपाडीच्या पाणीपरिषदांतून त्यांनीं जो दीर्घ लढा दिला, त्याचे ठराव व निवेदनें एकत्र करावयास पाहिजेत. १९७८ व १९९९ सालीं ते मंत्री झाले, पण तो काळ अल्प. त्यांची बहुतेक कारकीर्द विरोधी बाकावर गेली, आणि तेथील त्यांचे प्रश्न व भाषणें विधानसभेच्या छापील कामकाजांत तारीखवार आहेत. तीं वाचण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं.

छापलेलें उद्यांहि मिळेल. आठवणींचें तसें नाहीं. त्यांच्या अनुयायांच्या आठवणी पुष्कळ निघाल्या, पण ज्यांनीं त्यांच्याविरुद्ध प्रचार केला, त्यांच्या जबान्या कोणी टिपून घेतल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. तें काम आधीं व्हावें. १९७२ च्या त्या निवडणुकींत गांवोगांव फिरलेलीं माणसें आतां फार थोडीं उरलीं असतील.