एपकॉटमधील मोरोक्को : एक रसविचार

परदेशाची ओळख करून घेण्याचे मार्ग मुख्यतः तीन : ग्रंथ, प्रवास आणि पंगत. पैकीं ग्रंथांचें परीक्षण करण्याची प्रथा आपल्याकडे रूढ आहे. प्रवासवर्णनांवरही टीकाकार अधूनमधून लेखणी चालवितात. पंगतीचें परीक्षण मात्र सहसा कोणी करीत नाहीं. जेवण ही पोटाची बाब, वाङ्मयाची नव्हे, अशी समजूत त्याच्या मुळाशीं असावी. ज्या शास्त्रकारांनीं काव्याच्या सारभूत तत्त्वाला जिभेच्या अनुभवावरून 'रस' हें नांव दिलें, त्यांच्या वारसदारांनीं ही समजूत बाळगावी हें थोडें चमत्कारिकच होय. एका देशाचें खाणेंपिणें दुसऱ्या देशांत नेऊन मांडणें हें एक प्रकारचें भाषांतर आहे, आणि भाषांतराला जे प्रश्न आपण विचारतों ते त्यालाही विचारणें योग्य आहे, असें आमचें मत आहे. या दृष्टीनें अमेरिकेंतील एका प्रसिद्ध दालनाचा विचार आम्ही येथें करणार आहों.

फ्लॉरिडा संस्थानांत ऑरलँडो शहराजवळ 'एपकॉट' नांवाचें उद्यान आहे. अशा उद्यानांस तिकडे थीम पार्क म्हणतात. हें उद्यान वॉल्ट डिस्ने यांच्या नांवाच्या कंपनीनें १ ऑक्टोबर १९८२ रोजीं खुलें केलें. त्यांतील एका तळ्याभोंवतीं अकरा देशांचीं दालनें मांडलेलीं आहेत. मेक्सिको, चीन, जपान, फ्रान्स इत्यादि देशांच्या पंक्तींत मोरोक्कोचें दालन १९८४ सालीं उभें राहिलें. अकरांत हिंदुस्थान नाहीं. आपल्याकडील पुष्कळ मंडळी हल्लीं मुलांकडे अमेरिकेस जातात, आणि मुलें त्यांना हें उद्यान हौसेनें दाखवितात. उत्तर आफ्रिकेशीं त्यांचा पहिला आणि बहुधा शेवटचा परिचय याच तळ्याच्या कांठीं, एखाद्या चहाच्या पेल्यावर होतो. म्हणून त्या पेल्यांत काय आहे हें पाहणें अगदींच निरर्थक नव्हे.

प्रथम वास्तूविषयीं. राजे दुसरे हसन यांनीं या दालनासाठीं आपल्या देशांतील कसबी कारागीर पाठविले. त्यांस तिकडे 'मअल्लेम' म्हणतात. त्यांनीं हातांनीं घडविलेल्या रंगीत फरशीच्या तुकड्यांचें जें 'झिलीज' काम केलें आहे, तें पाहतांना आपण करमणुकीच्या जागेंत आहों याचा विसर पडतो. तेथील उंच मनोरा मराकेश शहरांतील कुतुबिया मशिदीच्या मनोऱ्याची प्रतिकृति आहे. मूळ मनोरा बाराव्या शतकांतला, आणि मशिदीचें नांव तिच्या आसपास भरणाऱ्या ग्रंथविक्रेत्यांच्या बाजारावरून पडलेलें. पुस्तकांच्या बाजारावरून देवालयाचें नांव पडावें, ही गोष्ट ऐकून कोणता अध्यापक हर्षित होणार नाहीं ? पुढें फेझ शहरांतील बाब बू जलूद या वेशीची प्रतिकृति लागते, आणि तींतून आपण जुन्या पेठेंत म्हणजे 'मदीना'त प्रवेश करतों. भाषांतर म्हणून पाहिलें तर ही वास्तु उत्तम भाषांतर आहे. मूळ ज्यांच्या हाडींमांसीं मुरलें आहे त्यांच्याच हातून तें उतरलें आहे.

याच दालनांत खाण्यापिण्याचीं ठिकाणें आहेत, आणि तेथें निराळी भाषा सुरू होते. उद्यानांत पाककलेचे उत्सव भरतात, त्या वेळीं 'तांजिरीन कॅफे' या उपाहारगृहांत मदीनेची रुचि म्हणून कांहीं पदार्थ मांडले जातात. गेल्या कांहीं वर्षांतील त्यांची यादी पाहावी. चर्मुला लावलेल्या कोंबडीचे आणि मसाला लावलेल्या मेंढीच्या मांसाचे कबाब, भट्टींतील पाव व त्याबरोबर लावून खाण्यास हुम्मुस, चर्मुला आणि झुग. दालचिनीची साय घातलेला पिस्त्यांचा केक. पिण्यास सफरचंदाच्या आंबवलेल्या रसाचे निरनिराळे प्रकार आणि अंजिराच्या मद्याचें एक मिश्रण. चवीला यांतील पाव, त्यासोबतचीं लावणीं आणि केक आम्हांस आवडलीं, हें आधींच सांगितलें पाहिजे. खाणाऱ्यास तृप्त करणें हा पाककलेचा पहिला धर्म, आणि तो तेथें सांभाळला जातो.

परंतु तृप्ति आणि ओळख या दोन गोष्टी भिन्न आहेत. हुम्मुस ही शाम, लेबनॉन, पॅलेस्टाईन या पूर्वेकडील प्रदेशांची चीज. झुग हें येमेनांतलें तिखट. मोरोक्कोंत हरभरा आहे, पण तो 'हरीरा' या दाट सारांत आणि कुस्कुसच्या ताटांत, अख्खा शिजून येतो. अशा दालनांतून मिष्टान्न म्हणून बहुधा बकलावा पुढें येतो. त्याचीही गोष्ट अशीच. बकलावा उस्मानी तुर्कांच्या साम्राज्याबरोबर देशोदेशीं गेला, आणि त्या साम्राज्याचा अंमल अल्जीरियाच्या पश्चिम सरहद्दीशीं येऊन थांबला. मोरोक्को त्या अंमलाखालीं कधींच गेला नाहीं, ही तेथील लोकांच्या अभिमानाची बाब आहे. त्यांचें पक्वान्न निराळें. गॅझेल हरिणाच्या शिंगाच्या आकाराची, आंत वाटलेले बदाम आणि नारिंगाच्या फुलांचें पाणी भरलेली करंजी हें त्यांचें खरें मिष्टान्न. स्पेनमधून परागंदा झालेल्या मुसलमानांनीं व यहुद्यांनीं फेझ, तेत्वान, रबात येथें आणलेल्या आंदलुसी राहणीची खूण 'बस्तिला'मध्यें दिसते. तव्यावर ओल्या कणकेचा गोळा टेकवून टेकवून पापुद्रे काढावयाचे, त्यांत कबुतराचें मांस, अंडीं आणि बदाम भरावयाचे, आणि वर साखर व दालचिनी भुरभुरावयाची. तिखटाबरोबर गोड म्हणतांच इंग्रजी जेवणावर वाढलेला मनुष्य दचकतो. आमटींत गूळ घालणाऱ्या आम्हां मऱ्हाठ्यांना त्यांत वावगें कांहींच वाटूं नये.

यावर कोणी म्हणेल, हा सोंवळेपणा झाला. कोणता पदार्थ निर्भेळ आहे ? आक्षेप खरा आहे, आणि त्याला बळकटी येईल असे दाखले आम्हीच देतों. ज्या वेशीचें एवढें कौतुक केलें, ती फेझमधील मूळ वेसच १९१३ सालची, म्हणजे फ्रेंचांचें संरक्षकराज्य सुरू झाल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षींची आहे ! आणि मोरोक्कोचें राष्ट्रीय पेय जो पुदिन्याचा चहा, त्यांतील चहा चीनचा. सुलतानांच्या दरबारीं तो अठराव्या शतकांत नजराण्यांतून पोंचला होता. पण घरोघर पसरला तो क्रिमियाच्या युद्धामुळें. १८५३ ते १८५६ या काळांत उत्तरेकडील गिऱ्हाइकें तुटलीं, तेव्हां इंग्रज व्यापाऱ्यांनीं आपला माल तांजिर आणि मोगादोर या बंदरांकडे वळविला. लोक पूर्वींपासून पुदिन्याचा काढा पीत होतेच. त्यांत गोळीप्रमाणें वळलेला हिरवा चहा आणि भरपूर साखर पडली. आपल्याकडेही चहा इंग्रजांच्याच मागून आला, आणि १८९० सालीं पुण्यांत पंचहौद मिशनमध्यें तो पुढें केला गेला तेव्हां त्यानें टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्य ओढवलें. आज चहाला परदेशी म्हणणारा मनुष्य पुण्यांत सांपडणार नाहीं.

मग मोरोक्कोचा चीनी चहा आम्हीं मान्य करावा आणि मोरोक्कोच्या नांवाचा शामी हुम्मुस अमान्य करावा, हा न्याय कोणता ? त्याचें उत्तर आपल्याच साहित्यशास्त्रांत आहे. भरतमुनींनीं नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायांत रसाचा विचार करतांना अन्नाचाच दृष्टान्त घेतला. नाना व्यंजनें आणि औषधी यांच्या संयोगानें अन्नाला जसा रस येतो आणि प्रसन्न मनाचा पुरुष तो जसा आस्वादतो, तसें नाट्याचें आहे, असें त्यांचें म्हणणें. पुढें अभिनवगुप्त आणि मम्मट यांनीं पानकाचा, म्हणजे पन्ह्याचा, दाखला दिला. पन्ह्यांत गूळ, मिरी, आंबट हे घटक असतात. पण पिणाऱ्याला लागते ती गुळाची, मिऱ्याची किंवा आंबटाची वेगळी चव नव्हे. त्या सर्वांहून निराळी अशी एक अखंड चव लागते. घटक कोठून आले हा प्रश्न तेथें गौण ठरतो. ते एकमेकांत विरून नवीन कांहीं उपजलें कीं नाहीं, हाच खरा प्रश्न.

पुदिन्याचा चहा हें या अर्थानें खरें पानक आहे. चीनचा पाला, परदेशची साखर आणि घरच्या परसांतला पुदिना यांना एकत्र मुरवणारी वस्तु म्हणजे तिकडचें आतिथ्य. घरांतील वडील माणसानें पाहुण्यांच्या देखत चहा करावयाचा, पहिला पेला ओतून तो पुन्हां किटलींत परतवावयाचा, चव पाहावयाची, मग किटली उंच धरून बारीक धारेनें, वर फेंस येईल असा, लहान कांचेच्या पेल्यांत सोडावयाचा. नाहीं म्हणणें हा यजमानाचा अवमान. हें सर्व होण्यास वेळ लागतो, आणि तो वेळ हाच त्या पेयाचा मुख्य घटक आहे. उलट, हुम्मुस, झुग, पिस्ते आणि सफरचंदाचें मद्य हीं एका फळ्यावर लिहिलीं म्हणून विरघळत नाहींत. त्यांना एकत्र आणणारें सूत्र मोरोक्कोच्या जीवनांत सांपडत नाहीं. तें पाहणाऱ्याच्या मनांतील 'पूर्वदेश' या एका धूसर कल्पनेंत आहे. पहिलें मिश्रण एका समाजानें शंभर वर्षें वापरून सिद्ध केलें. दुसरें गिऱ्हाइकाच्या अपेक्षेवरून जुळविलें. पहिल्याला संस्कार म्हणावें, दुसऱ्याला जुळणी.

ही जुळणी आजकालची नव्हे. १८८९ सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनांत फ्रेंचांनीं कैरो शहराची एक अख्खी गल्ली उभी केली होती. गाढवें आणि गाढववाले कैरोहून आणले होते. एका मशिदीचा दर्शनी भाग हुबेहूब होता. आंत शिरतांच मात्र तेथें कॉफीगृह थाटलेलें, आणि त्यांत नाच चाललेला! स्टॉकहोम येथील प्राच्यविद्यापंडितांच्या परिषदेला निघालेले चार मिसरी गृहस्थ वाटेंत तें पाहून लज्जित होऊन बाहेर पडले. एपकॉटची तुलना सर्वस्वीं त्या गल्लीशीं करणें अन्यायाचें होईल. येथें कोणाची विटंबना नाहीं. मोरोक्कोचें राज्य स्वतः होऊन सामील झालेलें आहे, आणि मनोऱ्याला मनोऱ्याचा मान आहे. परंतु एक धागा दोन्हींकडे सारखा आहे. वास्तु अभ्यासून घडवावयाची आणि खाणेंपिणें मात्र प्रेक्षकाच्या अंदाजानें भरावयाचें, हा तो धागा होय.

याचें कारण आमच्या मतें असें. फरशीचें काम ही कला आहे, तिला मअल्लेम लागतो, हें सर्वांस पटतें. स्वयंपाक हीही तशीच कला आहे, हें पटत नाहीं. मोरोक्कोंतील मोठ्या घरांतून 'दादा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्वयंपाकिणींनीं पिढ्यान् पिढ्या ती कला तोंडी शिकवणुकीनें जतन केली. बायकांची, त्यांतही चाकरीच्या बायकांची विद्या म्हणून तिला प्रतिष्ठा मिळाली नाहीं. प्रथम या दालनांतील भोजनगृहें मोरोक्कोच्याच एका संस्थेकडे होतीं. २०२० सालीं तीं उद्यानाच्या चालकांनीं स्वतःकडे घेतलीं. त्यामुळें ही उणीव भरून काढण्याची जबाबदारी आतां अधिक स्पष्टपणें त्यांच्यावर आली आहे. भिंतींसाठीं जसे कारागीर बोलाविले, तशा चुलीसाठीं या जाणत्या बायका बोलवाव्या. यादी निम्मी झाली तरी चालेल. हरीरा, बदामाची करंजी आणि सावकाश ओतलेला चहा एवढेंच तीत असलें तरी पुरे आहे.

कोणी म्हणेल, तेथें 'मोरोक्कोवरून प्रेरित' एवढाच दावा असतो; प्रेरणेला कोण हरकत घेणार ? प्रेरणेला आमची मुळींच हरकत नाहीं. मुंबईंत जन्मलेलें मंचूरियन मंचूरियांत कोणास ठाऊक नाहीं. पण तें खाऊन आपण चीन पाहिला असें मुंबईचा मनुष्य समजत नाहीं. जेथें देशाच्या नांवाची वेस बांधली, तिच्यावर त्या देशाच्या मशिदीचा मनोरा चढविला आणि 'हा मोरोक्को' असें सांगून माणसांस आंत घेतलें, तेथें 'प्रेरित' हा शब्द फार लहान आडोसा आहे. स्वतंत्र कवितेला जें स्वातंत्र्य आहे, तें मूळ लेखकाचें नांव घालून छापलेल्या भाषांतराला नसतें.

आणि हा प्रश्न मोरोक्कोचा आहे तितकाच आपलाही आहे. आमची आमटी, कोंकणांतलें तिखलें, वऱ्हाडचा झुणका, गोव्याचें हुमण यांचें परदेशांतील भाषांतर 'करी' या एका शब्दानें झालें आहे. तो शब्द ऐकतांना आपल्या मनाला जें लागतें, तेंच हुम्मुसला मोरोक्कोचा म्हटलेलें ऐकून फेझच्या मनुष्याला लागत असेल. दुसऱ्याच्या पंगतीविषयीं चोखंदळ राहणें हा आपल्या पंगतीविषयींच्या अभिमानाचा एक भाग आहे. त्या तळ्याच्या कांठीं जाणाऱ्या आपल्या मंडळींनीं तेथें अवश्य खावें, अवश्य प्यावें, झिलीजच्या कामाजवळ घटकाभर उभें राहावें. आणि पुढ्यांत आलेल्या प्रत्येक पदार्थाला त्याचें गांव विचारावें.