जांगगुम आणि आमचे धालो

कोरियन मालिका आपल्या घरांत कधी शिरल्या ते कळलंच नाही. मुली बघतात म्हणून आया बसल्या, आणि आता आयाच रात्री उशिरापर्यंत मोबाईल सोडत नाहीत. त्यांतली ‘देजांगगुम’ ही 2003ची 54 भागांची मालिका मला मोलाची वाटते. राजवाड्याच्या मुदपाकखान्यातली मुलगी पुढे राजाची वैद्य होते, एवढीच गोष्ट. (तिथल्या निम्म्या पदार्थांकडे आम्हां जैन बायकांना बघवत नाही, तरी मी बघितली.)

अशा मालिकांमुळे कोरियाची संस्कृती टिकली, असं म्हणतात. मला हे अर्धंच पटतं. राजा जुंगजोंगच्या काळातल्या दरबारी नोंदींत जांगगुम नावाच्या वैद्य स्त्रीचे मोजकेच उल्लेख आहेत. कारस्थानं, प्रेम, स्वयंपाकाच्या चढाओढी बहुतेक सगळ्या लेखिकेने रचलेल्या. पण जोसन राजवटीच्या त्या नोंदी जुन्या चिनी भाषेतून आजच्या कोरियनमध्ये उतरवून इंटरनेटवर फुकट ठेवल्या आहेत. शंका आली तर कुणीही ताडून पाहावं. खरी जपणूक तिथे झाली. मालिका तिच्या जिवावर उभी आहे.

आता आपल्याकडे बघा. पौषातल्या चांदण्यात पेडण्या-डिचोलीच्या बायका मांडावर समोरासमोर दोन रांगा धरून धालो खेळतात. त्याचे व्हिडिओ भरपूर येतात हो, पण अर्ध्या मिनिटाचे! गावाचं नाव नाही, गाणारणीचं नाही, आणि कित्येकदा मूळ आवाज पुसून वर सिनेमाचं गाणं. साड्या तेवढ्या दिसतात. एका रांगेने म्हटलेलं दुसरीने कसं उचलायचं, कुठलं गाणं कधी, शेवटच्या रात्री काय करायचं, हे सगळं म्हाताऱ्यांच्या डोक्यात. दशावताराचं आणखी अवघड, कारण त्यातले संवाद नट उभ्या-उभ्या रचतात. तलवारबाजीचा तुकडा टाकला की मुकुट तेवढा वाचतो, बोलणं गेलं.

विनायक खेडेकरांच्या ‘लोकसरिता’सारखी पुस्तकं आपल्याकडे आहेत. पण पुस्तकात चाल ऐकू येत नाही आणि व्हिडिओत शब्द पुरे येत नाहीत. दोघांची गाठ कुणी घालून दिलेली नाही.

यंदा पौषात मोबाईल उचलाल तेव्हा गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत घ्या. शब्द वहीत उतरवा, म्हणणाऱ्या बाईला विचारून तिचं आणि गावाचं नाव खाली घाला. मालिकेच्या एका भागाला लागतो तेवढ्या वेळात दोन गाणी सहज होतील.